कुर्त्सआर्बाइट : कपात माणसांची की तासांची?

अमेरिकेत एखाद्याचा 'ले-ऑफ' झाला म्हणजे बहुधा त्याची नोकरी गेली, असेच आज आपण समजतो. आपल्या कायद्यात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. कोळसा, वीज किंवा कच्चा माल मिळत नाही, तयार माल गोदामात साठून पडला आहे, यंत्र बिघडले आहे, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. पण कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम आहे, अशी स्थिती म्हणजे ले-ऑफ. माणूस कायमचा कमी करणे हे 'रिट्रेंचमेंट'. औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली ही तरतूद आली आणि अशा बसून राहिलेल्या दिवसांसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई ठरली. गिरणगावातल्या जुन्या माणसांना हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नसे. मंदी आली की माणसे कमी करायची की काम कमी करायचे, हा प्रश्न त्या दोन शब्दांत दडलेला आहे. त्याचे सर्वांत सविस्तर उत्तर जर्मनीने दिले.

जर्मन भाषेत त्याला 'कुर्त्सआर्बाइट' म्हणतात. शब्दशः अर्थ, आखूड काम. त्याचे मूळ 1910 सालच्या पोटॅश खाणींच्या कायद्यापर्यंत जाते. उत्पादनावर मर्यादा घातल्यामुळे ज्या खाणकामगारांचे तास घटले, त्यांना त्या कायद्याने भरपाई दिली. पुढे 1920च्या दशकात ही कल्पना बेकारी विम्याला जोडली गेली, आणि तिचे बळ त्या जोडणीतच आहे.

हिशेब साधा आहे. शंभर कामगारांच्या कारखान्यात मागणी तीस टक्क्यांनी घटली, तर तीस जणांना घरी पाठवता येते किंवा शंभरही जणांचे तास तीस टक्क्यांनी कमी करता येतात. दुसरा मार्ग ऐकायला बरा वाटतो, पण नुसता तेवढाच असेल तर मंदीचा सगळा भार पगारावर पडतो. कुर्त्सआर्बाइटमध्ये बुडालेल्या निव्वळ पगाराचा 60 टक्के भाग (मूल असेल तर 67 टक्के) विमा निधीतून मिळतो. समजा, एखाद्याच्या हाती महिना 2000 युरो पडत होते आणि तास निम्मे झाले. ढोबळमानाने मालकाकडून 1000 आणि निधीतून 600, असे 1600 युरो त्याच्या घरात येतात. काम निम्म्यावर आले, तरी मिळकत एक पंचमांशानेच घटली.

हा पैसा मागितला की मिळतो, असे नाही. कामाची टंचाई तात्पुरती आणि टाळता न येण्याजोगी आहे, हे दाखवावे लागते. साठवलेले जादा तास आधी वापरावे लागतात. जिथे कामगार परिषद असते तिथे तिची संमती लागते. आणि मालकालाही हे फुकट पडत नाही. न केलेल्या तासांवरची सामाजिक विम्याची वर्गणी एरवी त्यालाच भरावी लागते, सुट्ट्यांचा पगारही सुटत नाही. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. थोडी झळ मालकाला बसली नाही, तर प्रत्येक कारखाना प्रत्येक महिना मंदीचाच म्हणेल.

2009 साली जर्मनीचे उत्पन्न सुमारे पाच टक्क्यांनी कोसळले. बेकारीचे सरासरी प्रमाण मात्र 7.8 वरून 8.1 टक्क्यांवर गेले, तेवढेच. पुढच्या वर्षी ते खालीही आले. अमेरिकेत त्याच संकटात बेकारी 5 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर पोचली होती. 2009च्या मे महिन्यात जर्मनीत सुमारे 15 लाख लोक आखूड कामावर होते. त्या वेळचे कामगारमंत्री ओलाफ शोल्त्झ यांनी मुदत वाढवत 24 महिन्यांपर्यंत नेली. पुढे 2020च्या एप्रिलमध्ये हा आकडा सुमारे 60 लाखांवर गेला, तेव्हा तेच अर्थमंत्री होते.

या 'चमत्कारा'चे सगळे श्रेय मात्र योजनेला देता येत नाही. मायकेल बुर्डा आणि जेनिफर हंट या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले, की आधीच्या तेजीतच जर्मन कंपन्यांनी पुरेशी भरती केली नव्हती. त्यामुळे काढून टाकण्याजोगी माणसे मुळात कमी होती. शिवाय जादा कामाचे तास खात्यावर जमा करून ठेवण्याची तिथली पद्धत होतीच. मंदीत कंपन्यांनी आधी ती खाती रिकामी केली.

योजना कुठे फसते, हेही जर्मनीतच दिसले. एकीकरणानंतर पूर्व जर्मनीतल्या कारखान्यांसाठी नियम सैल केले गेले. 1991च्या वसंतात तिथे सुमारे 20 लाख लोक आखूड कामावर होते, आणि त्यांतल्या अनेकांचे काम शून्य तासांवर आले होते. त्याला 'शून्य कुर्त्सआर्बाइट' असेच नाव पडले. मागणी परत येणार नव्हती, कारण कारखान्यांची बाजारपेठच नाहीशी झाली होती. काम परत येणार असेल तरच माणूस धरून ठेवण्याला अर्थ असतो. पण ते परत येईल की नाही, हे मंदीच्या पहिल्या महिन्यात कोण सांगणार? सगळी अडचण इथेच आहे.

दुसरी उणीव कमी बोलली जाते. भरपाई निव्वळ पगारावर मोजली जाते. जर्मन करपद्धतीत अनेक विवाहित स्त्रिया अशा करवर्गात असतात की कापल्या जाणाऱ्या कराचा मोठा वाटा त्यांच्या पगारातून जातो. निव्वळ पगार कमी, म्हणून भरपाईही कमी. आणि 'मिनीजॉब' करणारे, म्हणजे हॉटेलांत भांडी घासणारे, दुकानांत दोन-चार तास उभे राहणारे लोक बेकारी विम्याच्या बाहेर. 2020मध्ये टाळेबंदी आली तेव्हा त्यांना आखूड कामाची भरपाई नव्हती. त्यांची कामे सरळ गेली.

ही रेघ आपल्या ओळखीची आहे. आपल्या कायद्यातली निम्मी भरपाईही पन्नासाहून कमी कामगारांच्या कारखान्याला लागू नव्हती, वर्षभराची सलग नोकरी नसलेल्याला नव्हती, आणि 'बदली' कामगाराला तर कायद्याने नाव घेऊनच वगळले होते. म्हणजे पाळी सुटताना गिरणीच्या दारात कुणाचा खाडा पडतो का, याची वाट पाहत उभा असलेला माणूस बाहेरच राहिला. शिवाय ती भरपाई मालकाच्या खिशातून यायची. त्यामागे समाजाने भरलेला निधी नव्हता. ज्याच्याकडे मागणी नाही त्यानेच पैसे द्यायचे, म्हणजे आधीच अडचणीत असलेल्या गिरणीवर ओझे वाढवायचे. जर्मन विम्याने नेमकी हीच गाठ सोडवली.

2019च्या वाहनमंदीत पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात 'ब्लॉक क्लोजर' हा शब्द घरोघरी गेला. महिन्यातले काही दिवस कारखाना बंद, कायम कामगारांची नोकरी शाबूत, काही ठिकाणी ते दिवस रजेतून वळते. तासांची वाटणीच ती, फक्त निधीशिवाय. कंत्राटी कामगारांना मात्र ब्लॉक क्लोजरची नोटीस येत नसे. ठेकेदाराचा फोन येई, की सोमवारपासून येऊ नका.