खरा सुरू

कोंकणच्या किनाऱ्यावर वाऱ्यांत सूं सूं करणाऱ्या ज्या झाडास लोक सुरू म्हणतात, त्याचा खऱ्या सुरूशीं कांहीं संबंध नाहीं. मूळ शब्द फारसी ‘सर्व’. इराणी कवींनीं सडपातळ, ताठ बांध्यास ज्याची उपमा दिली तो वृक्ष हा. मराठींत नांव आलें, पण तें भलत्याच झाडास चिकटलें! घोटाळा केवळ नांवाचा असता तर तो पंडितांवर सोपवितां आला असता; परंतु फाटकाच्या दोहों बाजूंस हिरवे स्तंभ उभे करावे या हौसेनें नांवावर भिस्त ठेवून रोप आणणाऱ्या गृहस्थाचीं चार-पांच वर्षें फुकट जातात.

ओळख डहाळीवरून पटते. किनाऱ्यावरील सुरूची हिरवी काडी पेरापेरांची असते व ओढली कीं पेरांत सुटते. तो फुलें धरणारा वृक्ष आहे, सूचिपर्णी नव्हे. खऱ्या सुरूच्या डहाळीवर खवल्यांसारखीं बारीक पानें एकमेकांवर घट्ट बसलेलीं असतात, पेर दिसत नाहीं. मोरपंखीची फांदी पंख्यासारखी चपटी. याची तशी नसते. फळ म्हणजे २ ते ४ सेंटिमीटर व्यासाचा लांकडी गोळा. इराणांत अबरकूह येथील सुरूचें वय ४,००० वर्षें असावें असें परंपरा सांगते.

या वृक्षाचे पसरट व स्तंभाकार असे दोन प्रकार आहेत. स्तंभाकार झाडाचें बीं पेरल्यास सर्वच रोपें तशीं निघत नाहींत. म्हणून कलमच घ्यावें.

भूमध्यसमुद्राकाठीं पाऊस हिंवाळ्यांत पडतो व उन्हाळा कोरडा जातो. दख्खनांत क्रम उलटा. तेव्हां येथें खरें भय उन्हाचें नसून पावसाळ्यांत मुळांशीं सांचणाऱ्या पाण्याचें आहे. काळ्या चिकण जमिनींत खड्डा खणून रोप लावणें म्हणजे त्यास विहिरींत सोडणेंच होय. मुरुम मिसळलेल्या उंचवट्यावर, भरपूर उन्हांत लावावें. खतपाण्याचा अति लाड केल्यास फांद्या लुसलुशीत होऊन बाहेर कलतात व स्तंभ फाटतो. जुन्या, पानें नसलेल्या लांकडास पुन्हां पालवी फुटत नाहीं, म्हणून छाटणी हलकीच असावी.

एखादीच फांदी तांबूस होऊन सालींतून राळ गळूं लागली तर बुरशीचा संशय धरावा. हा रोग १९२८ सालीं कॅलिफोर्नियांत नोंदला गेला. पुढें इटलींतील असंख्य सुरू त्यानें मारले. फ्लॉरेन्सच्या संशोधकांनीं त्यास दाद न देणारीं झाडें निवडून त्यांचीं कलमें केलीं आहेत. रोगट फांदी निरोगी भागापर्यंत कापून जाळावी, व कात्री दर वेळीं स्पिरिटनें पुसावी.