डबा आहे, जाळी नाही!

डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ म्हणजे सिरॅमिकची जाळी असलेला डबा. साठलेली काजळी तो सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळतो. त्यासाठी गाडी सलग, लांब पळावी लागते. रोज बाजारापर्यंतच जाणाऱ्या गाडीचा डबा तुंबतो. नवा महाग पडतो, म्हणून ब्रिटनमधल्या काही गॅरेजांनी युक्ती काढली: डबा कापायचा, जाळी काढायची, पुन्हा वेल्डिंग करायचे आणि इंजिनाच्या संगणकालाही गप्प बसवायचे.

फेब्रुवारी २०१४ पासून तिथल्या एमओटी या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत डीपीएफ गायब दिसला की गाडी नापास. पण तपासनीस पाहणार बाहेरून! धुराची दाटी मोजणारे यंत्रही फसते. काजळीचे कण फारच बारीक. मे २०१८ पासून डीपीएफवाल्या गाडीतून धूर नुसता दिसला तरी नापास. जाळी काढलेली कार रस्त्यावर आणल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड.

नेदरलँड्सने मात्र ही चोरी नेमकी पकडली. १ जानेवारी २०२३ पासून तिथे कणच मोजतात. घन सेंटिमीटरला १० लाखांपुढे गेले की गाडी नापास.

आपल्याकडच्या बीएस-६ डिझेल गाड्यांनाही डीपीएफ असतो. पीयूसी केंद्रावर मोजली जाते ती मात्र धुराची दाटी.