बुता नको, गुरुकुन द्या!

ओकिनावात एखाद्या हॉटेलात बसून ‘पोर्क नको’ असं सांगितलंत, तर समोरची बाई हसून मान डोलावते आणि थोड्या वेळाने तुमच्या ताटात डुकराचं मांस येतंच! यात फसवाफसवी काही नाही. इथल्या बोलीत ‘पोर्क’ म्हणजे डब्यातलं लंचन मीट, ते गुलाबी, चौकोनी, खारट तुकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराबरोबर ते या बेटांवर आलं आणि असं काही मुरलं, की आज सकाळच्या अंड्याबरोबरही तेच असतं. खरंखुरं डुक्कर म्हणजे ‘बुता’. त्यामुळे ‘पोर्क नको’ म्हटलं की डब्यातलं वगळतात, बुता राहतो.

हे ज्ञान मला निघायच्या आधी ऑफिसातल्या एका ओकिनावाच्या मुलीने दिलं. तिला मी आयुष्यभर कॉफी पाजायला तयार आहे, कारण माझ्याबरोबर आई होती.

आई मूळची रत्नागिरीची. मासे आठवड्याचे सातही दिवस दिले तरी तक्रार नाही, चिकन कधीतरी, पण पोर्क आणि बीफ नाही म्हणजे नाही. मी प्रोजेक्टसाठी टोकियोत आहे, ती बँकेतून रिटायर झाली आणि पहिल्यांदाच देशाबाहेर आली. टोकियोत प्रश्न नव्हता. निशिकासाईत आपली इतकी माणसं राहतात, की तूरडाळीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं. पण ओकिनावातले पाच दिवस म्हणजे तिन्ही त्रिकाळ बाहेरचं! तिला जपानी अक्षर ओळखीचं नाही, मेनू बऱ्याचदा हाताने लिहिलेला. म्हणजे मी ‘खा’ म्हणेन ते ती खाणार, फक्त माझ्या शब्दावर. एक मित्र म्हणाला, ‘कशाला सांगतेस? रश्शात काय आहे ते तिला थोडंच कळणार आहे?’ मला ते अजिबात पटलं नाही. जिच्या हातचं आपण डोळे मिटून खाल्लं, तिला डोळे मिटायला लावायचं आणि वर भलतंच भरवायचं? छे!

तर, ओकिनावा. टोकियोहून विमानाने जेमतेम तीन तास. पण उतरल्यावर हा जपान आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो. 1879पर्यंत हे र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं, चीनशी आणि आग्नेय आशियाशी व्यापार करणारं. युद्धानंतर 1972पर्यंत इथे अमेरिकेचा अंमल होता, खिशात डॉलर असायचे आणि गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावायच्या. त्या डाव्या बाजूला आल्या 1978च्या 30 जुलैला, एका रात्रीत! हे सगळं इथल्या जेवणात उतरलंय. परतून केलेल्या पदार्थांना म्हणतात ‘चंपुरू’, म्हणजे सरमिसळ. बेटाचं नावही तेच ठेवलं असतं तरी चाललं असतं.

कल्ले उघडून दाखवा

पहिली धाड नाहा शहरातल्या माकिशी बाजारावर. 1950पासूनचा हा बाजार जुनी इमारत पाडून नव्याने बांधला आणि 2023च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाला. इमारत चकाचक आहे, पण विकणाऱ्या मावश्या जुन्याच वळणाच्या. खाली मासे निवडायचे, पैसे मोजायचे, आणि तोच मासा वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात शिजवून घ्यायचा. शिजवायचे माणशी ठरलेले थोडे पैसे वेगळे. हे आईला सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतका वेळ माझ्यामागून चालणारी बाई एकदम पुढे!

इथले मासे बघून आधी हसू येतं. निळाजर्द इराबुचा तर लहान मुलाने क्रेयॉनने रंगवल्यासारखा दिसतो. लालभडक आकाजिन, ठिपक्याठिपक्यांचा मीबाई. मीबाईला आईने लगेच ओळखलं, ‘हा आपल्या गोबऱ्याच्या घरातला.’ मग तिने बोटाने कल्ले उघडायची खूण केली. मावशीने उघडले. आईने मान हलवली, दुसऱ्याकडे बोट. पुन्हा कल्ले. तिसऱ्याला पसंती मिळाली, तेव्हा मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘यांना मासे कळतात.’ मी भाषांतर करायच्या आधीच आईला समजलं होतं.

अर्धा मासा साशिमी, म्हणजे कच्चा, आणि अर्धा लसूण-बटरमध्ये. कच्च्या माशाचा एक तुकडा आईने निष्ठेने खाल्ला आणि ‘कळला’ एवढंच म्हणाली. बटरमधला मात्र काट्यापर्यंत साफ! सोबत उमिबुदो मागवा, म्हणजे समुद्रातली द्राक्षं. हिरव्या मण्यांच्या झुबक्यासारखं शेवाळ, दाताखाली फुटतं आणि जिभेवर खारट समुद्र. ते फ्रिजमध्ये ठेवलं तर मान टाकतं आणि सॉसमध्ये बुडवून ठेवलं तरी मऊ पडतं. म्हणून बुडवायचं आणि लगेच तोंडात.

खानावळीतलं कारलं

ओकिनावाचा खरा जीव आहे ‘शोकुदो’त. शोकुदो म्हणजे चक्क आपली खानावळ. भिंतीवर पदार्थांच्या नावांच्या कागदी पट्ट्या, कोपऱ्यात टीव्ही, फुकट थंड चहा आपला आपण ओतून घ्यायचा. काही ठिकाणी दारातच कुपनचं मशीन असतं, आधी नोटा सरकवा, बटण दाबा, मग चिठ्ठी काउंटरवर द्या. हजार येनच्या आसपास पोट फुटेस्तोवर जेवण. रुपयांत हिशोब करायचा तर आकडा निम्मा करा आणि वर थोडं चढवा.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. टोकियोत मिसो सूप म्हणजे जेवणाबरोबरची छोटी वाटी. इथल्या शोकुदोत ‘मिसोशिरू’ मागवलंत, तर भाज्या, टोफू, अंडं आणि बहुतेक वेळा बुता घातलेलं मोठं भांडंच समोर येतं, सोबत भात. तेच जेवण! ‘चानपोन’ही तसंच. बाकीच्या जपानात त्या नावाच्या नूडल्स मिळतात, इथे भातावर भाज्या आणि अंड्याचा ढीग.

आणि गोया चंपुरू. गोया म्हणजे कारलं! आपल्यापेक्षा जाडजूड, पण तेच ते. टोफू आणि अंड्याबरोबर मोठ्या आचेवर परततात, वरून वाळवलेल्या बोनितो माशाचा कीस, वाफेवर थरथरणारा. त्यात पोर्क किंवा बुता असतोच, आणि कधी कधी परततातही डुकराच्या चरबीत. त्यामुळे माझे प्रश्न ठरलेले: बुता नको, पोर्क नको, आणि ‘रादो’, म्हणजे ती चरबी, वापरता का? स्वयंपाकघरातल्या आजीने तेलाची बाटलीच आणून दाखवली. इथे आज्यांना ‘ओबा’ म्हणतात आणि अर्धी हॉटेलं त्याच चालवतात असं वाटतं.

आईने पहिला घास घेतला. ‘यांनी मीठ लावून नीट पिळलं नाही.’ दुसरा घास. ‘गूळ हवा होता.’ आणि मग पर्समधून सकाळी बाजारात घेतलेली कोकुतोची पुडी काढली. कोकुतो म्हणजे इथला उसाचा काळा गूळ, ओकिनावाची खासियत, वासासकट आपल्या गुळासारखा. तिने एक खडा चुरून कारल्यावर टाकला. ओबा काउंटरमागून बघत होती. मी जमिनीत जायच्या तयारीत! ती आली, तिने आईच्या ताटातला तुकडा उचलून खाल्ला, थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘बिअरबरोबर चालेल.’

तिनेच मग निंजिन शिरिशिरी दिलं, गाजराचा जाड कीस अंडं घालून परतलेला. शिरिशिरी हा किसताना होणारा आवाज. आपल्याकडे किसणीला आवाजावरून नाव का दिलं नाही कोण जाणे.

तो अर्धा तास

तिसऱ्या दिवशी उत्तरेकडे, व्हेल शार्कवाल्या चुराउमी मत्स्यालयाकडे निघालो. वाटेत मोतोबू गाव लागतं, ओकिनावा सोबाची पंढरी. इथलं किशिमोतो शोकुदो 1905पासून सुरू आहे. गंमत म्हणजे या सोबात सोबा, म्हणजे कुट्टूचं पीठ, अजिबात नसतं. निव्वळ गव्हाच्या जाड शेवया. त्यावरून 1976मध्ये जपानच्या व्यापार आयोगाने हरकत घेतली, की तीस टक्के कुट्टू नसेल तर हे नाव लावता येणार नाही. बेटावरचे लोक भांडले आणि 17 ऑक्टोबर 1978ला नाव टिकलं. तो दिवस आता ‘ओकिनावा सोबा दिन’ म्हणून साजरा होतो. नावासाठी दोन वर्षं भांडणारी माणसं पुणेकरांना आपली वाटायला हरकत नाही.

पण रस्सा डुकराच्या हाडांचा आणि बोनितोचा. शेवयांवर डुकराचे मऊ तुकडे किंवा बरगड्या. सोबतचा ‘जूशी’ भात, त्यातही बहुधा तेच. मोतोबूतल्या एका छोट्या दुकानात मी विचारलं, तर मालकीणबाईंनी सरळ कागदावर डुक्कर काढून दाखवलं आणि मेनूवरच्या प्रत्येक पदार्थावर टिकमार्क केली. आईने हातानेच मला थांबवलं. ‘तू खा गं. एवढी लांब आलीस ती त्यासाठीच ना? मी चहा पिते.’

सोबा अप्रतिम होता, खोटं कशाला बोलू. वर आवामोरीत मुरवलेल्या मिरच्यांचं तिखट पाणी, कोरेगुसु, दोन थेंब टाकलं की नाकातून धूर! आणि तरीही समोर आई चहाचा कप धरून खिडकीबाहेर बघतेय म्हटल्यावर घास उतरेना. घड्याळात पावणेदोन. इथली जेवणाची हॉटेलं दुपारी अडीच-तीनला बंद होतात, काही तर रस्सा संपला की त्याआधीच.

मालकीणबाईंनी बंदरावरच्या कोळ्यांच्या शोकुदोचा रस्ता सांगितला. शेवटची ऑर्डर अडीचला, आम्ही पोचलो सव्वादोनला. तिथे मिळालं ‘मासुनी’. ‘मासु’ म्हणजे मीठ. अख्खा मासा मीठ, पाणी आणि थोड्या आवामोरीत शिजवलेला. आवामोरी ही इथली दारू, बहुतेक थायलंडच्या लांब तांदळापासून केलेली. मी सांगितलं, यात दारू आहे. आई क्षणभर थांबली. ‘उकळलीय ना? मग उडाली.’ आणि भाताचा डोंगर पोखरायला सुरुवात.

खाता खाता म्हणाली, ‘तू मघाशी सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर पाचही दिवस मी प्रत्येक घासाला तुझ्या तोंडाकडे बघत बसले असते.’

उरलेलं झटपट

दक्षिणेला ओउजिमा नावाचं चिमुकलं बेट आहे, पुलाने जोडलेलं. तिथली तेनपुरा म्हणजे नाजूक जपानी प्रकरण नव्हे, जाड पिठातली भजीच. मासा, माकूळ आणि मोझुकु नावाचं शेवाळ. कागदी पिशवीत घ्यायची आणि धक्क्यावर बसून खायची. तेनपुरा जपानला पोर्तुगीजांनी दिली म्हणतात, म्हणजे गोव्याशी लांबचं नातं निघालंच.

टाको राइस हा 1984मध्ये किन गावात, अमेरिकन तळाच्या दारात जन्मलेला प्रकार. भातावर मसालेदार खिमा, चीज, लेट्यूस. खिमा बहुतेक बीफचा, मी एकटीने खाल्ला. रात्री दोनला ऑफिसात डेडलाइन असताना हवा असतो, नेमका तसा! ए अँड डब्ल्यूची इथली पहिली शाखा 1963ची, म्हणजे टोकियोत मॅकडोनाल्ड्स यायच्या आठ वर्षं आधी. रूट बिअर बसून प्यायलात तर पुन्हा पुन्हा भरून मिळते. आईच्या मते ती कंबरेला लावायची वस्तू आहे.

पूर्ण शाकाहारी असाल तर स्पष्टच सांगते, साध्या शोकुदोत अवघड आहे. भाजीतही बोनितोचं पाणी असतं. नाहात व्हीगन कॅफे आहेत, ते आधी शोधून ठेवा. जिमामी-दोफु मात्र जरूर चाखा, शेंगदाण्याचं दूध आणि रताळ्याच्या पिठाचा थुलथुलीत चौकोन. वरचा सोयासॉसचा गोड रस नको म्हटलं, तर उपासालाही चालावा! काय चालत नाही ते जपानीत एका कार्डावर लिहून घ्या, कारण हाताने लिहिलेल्या मेनूपुढे मोबाइलचं भाषांतर हात टेकतं. टिप ठेवू नका, मागून पळत येऊन परत देतात. इझाकायात न मागता छोटी वाटी येते, तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात, त्यावर वाद घालू नका. गाडी चालवणार असाल तर एक घोटसुद्धा नाही, इथे पिणाऱ्याच्या शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते.

शेवटच्या रात्री गाडी परत करून नाहाच्या साकाएमाची बाजारातल्या इझाकायात गेलो. चार टेबलं, ऑफिस सुटून आलेली गर्दी. मी ओरायन बिअर सांगत होते, तेवढ्यात आईने मुलाला हाक मारली आणि एकेक शब्द मोजत म्हणाली, ‘बुता, नो. पोकु, नो. गुरुकुन.’ गुरुकुन हा ओकिनावाचा अधिकृत मासा, अख्खा कुरकुरीत तळतात, शेपटीसकट खायचा. मुलाने बोटं दाखवून विचारलं, एक?

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. दोन बोटं वर केली.