भरडणारे गोटे

निघोजला कुकडीच्या पात्रावर लोक येतात ते मळगंगेच्या दर्शनाला आणि कातळाचे आकार बघायला. आमचं काम त्या कातळातल्या रांजणखळग्यांच्या तळाशी, तिथले जीव मोजण्याचं.

वाहत्या नदीत तळाचे जीव पकडणं सोपं असतं. प्रवाहाच्या आड जाळी धरायची, तिच्या वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळायचे. सुटलेले जीव पाणीच जाळीत आणून टाकतं. रांजणखळग्यात ते जमत नाही. तोंड अरुंद, पोट मोठं, पाणी थांबलेलं. तिथे रबरी नळी तळापर्यंत सोडायची आणि दुसरं टोक शेजारच्या खोल घळीकडे खाली न्यायचं. नळी आधीच पाण्याने भरून घेतली तर तोंडाने ओढावं लागत नाही. (हे नवख्याला आवर्जून सांगावं, गाळाची चव बराच वेळ जात नाही.) खाली बारीक चाळणी, मग पांढरा ट्रे. आणि मग थांबायचं.

गढूळपणा बसला की ट्रे हलायला लागतो. आधी दिसतात लाल अळ्या, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि प्राणवायू जवळजवळ संपलेल्या चिखलातही त्या तगतात. मग लांबट, टोकदार शंखाच्या गोगलगायी. यांच्यातल्या एका जातीची मादी नराविनाच पिल्लं देते, त्यामुळे एक जरी वाहत आली तरी खळगा वसवायला पुरते. चतुराचं पाण्यातलं पिल्लू मात्र चिखलच वाटतं, सरकेपर्यंत. चेहऱ्याखाली दुमडलेला ओठ झटक्यात पुढे फेकून ते भक्ष्य धरतं. घाबरलं की मागच्या टोकातून पाणी सोडून सटकतं. ट्रेमध्ये त्याला लाल अळ्यांशेजारी ठेवू नये, मोजणी चुकते.

सगळ्या खळग्यांत हाच ऐवज मिळेल असं मात्र नाही. ज्याच्या तळाशी गोटे आहेत तो अजून कोरला जातोय. पुरात हे गोटे गरगरतात आणि बसाल्ट जात्यासारखा झिजवतात. त्या दिवसांत तिथे फारसं काही टिकत नाही. पण पाणी ओसरलं की त्याच गोट्यांमधल्या फटींत लहान खेकडे आणि मेफ्लायची चपटी पिल्लं आसरा घेतात. उलट जो खळगा प्रवाहाबाहेर पडला, त्यात गाळ साचतो. तिथे जीव ढिगाने मिळतात, जाती मोजक्याच. मला विचाराल तर गोट्यांचा खळगा जास्त श्रीमंत. एका खळग्याचा नमुना घेऊन ‘निघोजचे तळजीव’ असा तक्ता करणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

खळगे भरण्या-आटण्याचं वेळापत्रकही एकट्या पावसाच्या हातात नाही. वरच्या अंगाला येडगावचं धरण आहे, आणि नदीत पाणी सोडलं की ऐन उन्हाळ्यातही आटत आलेले खळगे भरतात. काही चतुरांची पिल्लं दीडदोन महिन्यांत पंख फुटून उडून जातात, त्यांना अशा अनिश्चित पाण्याचं फारसं भय नाही. शिंपल्यांना आहे.

काठालगतच्या खळग्यांत निर्माल्य पडतं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, गोट्यांच्या फटी बुजतात. अशा ठिकाणचा ट्रे निवडायला वेळ लागत नाही: लाल अळ्या, थोडे गाळातले किडे, बाकी फुलांचे देठ.