आकाशकंदील आणि नानकटाई : मुलांच्या हातचे काम

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना हाताशी घेऊन करण्याजोग्या कामांत आकाशकंदील आणि नानकटाई ही दोन विशेष सोयीची. सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, काम दोन-तीन बैठकांत उरकते आणि घरातल्या प्रत्येक वयाच्या मुलाला खरेखुरे काम वाट्याला येते. यातली शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. मूल मध्ये मध्ये येऊ नये म्हणून त्याच्या हाती कणकेचा गोळा देणे वेगळे आणि ज्याच्यावाचून कंदील उभाच राहणार नाही असे काम त्याच्यावर सोपवणे वेगळे. मुलांना हा फरक लगेच कळतो.

घरी करायला पारंपरिक घाटाचा कामट्यांचा कंदील सर्वांत चांगला. त्यासाठी सुमारे 20 सेंटिमीटर लांबीच्या 24 सारख्या कामट्या लागतात. कामट्या तासण्याचे आणि पॉलिश पेपरने घासून कुसळे काढण्याचे काम मोठ्यांनीच करावे. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून सहा चौकोन करायचे. चौकोन तिरका झाला आहे का, हे पाहायला समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले अंतर मोजावे. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकोन नीट झाला. पट्टी धरता येणाऱ्या मुलाला हे मोजमाप आनंदाने करता येते. एक चौकोन वर, एक खाली आणि उरलेले चार मधोमध, कोपऱ्यावर उभे, अशी मांडणी करून कोपऱ्याला कोपरा बांधत गेले की बारा गाठींत सांगाडा पुरा होतो. चौकोनांच्या मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतात. ते कोणी बांधलेले नसतात, म्हणून मुलांना त्यांचे मोठे नवल वाटते. या मापाचा कंदील साधारण 28 सेंटिमीटर उंच होतो.

कागद लावण्यापूर्वी हा सांगाडा हातात डगमगतो. त्यात बांधणाऱ्याची चूक नसते. चार काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र होत नाही. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून अरविंद गुप्ता यांनी हाच धडा असंख्य मुलांना हातांनी शिकवला. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानखेळणी करण्याच्या त्यांच्या कामाला 2018 साली पद्मश्री मिळाली. कंदिलाच्या बाबतीत हा डगमगणारा सांगाडा ताठ करतो तो कागद. चौकोनावर ताणून चिकटवलेला पतंगी कागद त्याला तिरके होऊ देत नाही. वरच्या आणि खालच्या उघड्या चौकोनांना कर्णावर दोरे ताणून बांधले की तेही जागचे हलत नाहीत. वरच्या दोऱ्यांना टांगण्याची सुतळी अडकवता येते.

चिकटवायला घरची खळ उत्तम. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून मंद आचेवर ढवळत राहिले की मिश्रण आळून चकचकीत होते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची पद्धत आहे, पण ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत मुळीच घालू नये. कागद सांगाड्यापेक्षा सेंटिमीटरभर मोठा कापून ती कड कामटीवर दुमडावी. चार चौकोन आणि आठ त्रिकोण असे बारा तुकडे लागतात, त्यामुळे कापणे, खळ लावणे, दाबून धरणे ही कामे तिघा-चौघांत सहज वाटली जातात. सर्वांत धाकट्याने झिरमिळ्या कापाव्यात; त्या वेड्यावाकड्या झाल्या तरी वाऱ्यावर छानच दिसतात. आत कमी वॅटचा एलईडी दिवा, तोही कागदाला न टेकेल असा सोडावा. पणती किंवा मेणबत्ती नको.

नानकटाईचा घरोब्याचा इतिहास बेकरीच्या भट्टीशी जोडलेला आहे. घरी ओव्हन नसण्याच्या काळात दिवाळीच्या आधी तूप, साखर, मैदा घेऊन लोक गल्लीतल्या बेकरीत जात आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावलेल्या पत्र्यावर नानकटाया भाजून आणत. काही गावांत ही रीत अजून आहे. घरी करायची तर 100 ग्रॅम थिजलेले साजूक तूप, 100 ग्रॅम पिठीसाखर, 150 ग्रॅम मैदा, बेसन आणि बारीक रवा प्रत्येकी 25 ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ एवढे सामान पुरते. यात वीस-बावीस नानकटाया होतात.

या कृतीचा सारा जीव तूप फेसण्यात आहे. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने एकाच दिशेने फेसत राहिले की पिवळसर तूप हळूहळू पांढरे आणि हलके होते, कारण त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. हे काम दमवणारे असते, म्हणून ते पाळीपाळीने करावे. नंतर चाळलेली पिठे घालून गोळा फक्त जमवायचा, कणकेसारखा मळायचा नाही. मैद्यातील प्रथिनांना पाणी मिळाले आणि मळणी झाली की चिवट जाळे बनते. पोळीला ते हवे असते, नानकटाईला नको. तुपाने पिठाचे कण माखले की हे जाळे नीट धरत नाही आणि नानकटाई खुसखुशीत होते. गोळा सैल वाटल्यास पीठ वाढवण्याऐवजी तो पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा.

चपट्या गोळ्यांवर बदामाचे काप किंवा चारोळी दाबून, मध्ये बोटभर जागा सोडून ते ताटलीत मांडावेत. अगदी लहान मुलांसाठी सुक्यामेव्याची पूडच वापरावी, तुकडे घशात अडकू शकतात. ओव्हन असल्यास 170 अंश सेल्सिअसला पंधरा ते अठरा मिनिटे लागतात. नसल्यास जाड बुडाच्या कढईत बोटभर मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि घट्ट झाकण. दहा मिनिटे कढई तापवून मग मंद आचेवर ताटली वीसेक मिनिटे ठेवावी. वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि आतला भाग फुगत राहतो, म्हणून नानकटाईला भेगा पडतात. खालची बाजू फिकट गुलाबी झाली की भाजणे थांबवावे. गरम असताना ती मऊच लागते आणि गार होताना कडक होते. मऊ आहे म्हणून पुन्हा भाजत बसल्यानेच घरच्या बहुतेक नानकटाया करपतात. कच्चे पीठ चाखू देऊ नये; कच्च्या मैद्यात पोटाला त्रास देणारे जंतू असू शकतात.

असे सामुदायिक काम सर्वत्र आढळते. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळाआधी मुले काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर पिठाच्या गोळ्या वळून कुलकुल करतात. घरातल्या अशा कामाला शिक्षणातही मान मिळाला आहे. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया धरला. 1945 पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीच्या बालवाडीत महाग साधनांऐवजी परिसरातले खडे, पाने, बिया मुलांच्या हाती दिल्या.

मोठ्यांनी पाळायचे पथ्य एकच आहे आणि ते अवघड आहे. सुरी, विस्तव आणि विजेची जोडणी आपल्याकडे ठेवावी; बाकी कामात मुलाचा हात थांबवू नये. वाकडा चिकटलेला कागद रात्री गुपचूप काढून नीट लावू नये आणि पाहुण्यांपुढे चांगल्या आकाराच्या नानकटाया निवडून ठेवू नयेत. मुलाने केलेला कंदील दारातच लावावा.