आज्ञावली-निर्मिती, अर्जप्रक्रियेतील

जावा या संगणकीय भाषेत रचलेल्या महाजाल-प्रणालींत अर्ज स्वीकारणे, तपासणे व नोंदविणे यांसाठी लागणारा आज्ञावलीचा भाग हाताने न लिहिता, अर्जाच्या एकाच वर्णनावरून दुसऱ्या आज्ञावलीकडून तयार करवून घेण्याची पद्धती. व्यवहारात तिला ‘कोड जनरेशन’ असे म्हणतात.

गरज : अर्जातील प्रत्येक रकाना प्रणालीत सामान्यतः चार ठिकाणी लिहावा लागतो : पडद्यावरील पृष्ठ, सर्व्हरवरील जावा वर्ग, तपासणीचे नियम व माहितीसाठ्याचा तक्ता. यांपैकी एके ठिकाणी बदल राहून गेल्यास प्रणालीत विसंगती निर्माण होते. उदा., १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्यातील ३६वा जिल्हा झाला व डहाणू आणि तलासरी हे तालुके त्यात गेले. डहाणू तालुक्यातील चिखले येथील रहिवाशाचा जिल्हा त्या दिवशी बदलला. अशा वेळी पृष्ठावरील यादीत पालघर घातले, पण तपासणीच्या यादीत घालावयाचे राहिले, तर बिनचूक भरलेला अर्जही फेटाळला जातो. चूक आज्ञावलीकाराची असते. हेलपाटा मात्र अर्जदाराला पडतो.

अंकांच्या बाबतीतही असेच घडते. जावातील पूर्णांक वाचणारी प्रमाण पद्धत ‘४५’ हे देवनागरी अंकांतील वय स्वीकारते. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट भाषा मात्र त्याला संख्या मानत नाही. दोन्ही तपासण्या स्वतंत्रपणे लिहिल्यास त्यांचे निर्णय परस्परविरुद्ध येऊ शकतात.

कार्यपद्धती : रकान्याचे नाव, प्रकार, तो आवश्यक आहे की नाही, कमाल लांबी व ग्राह्य मूल्ये यांचे वर्णन एकदाच केले जाते. निर्माती आज्ञावली ते वाचून चारही भाग तयार करते. ब्राउझरकडून येणारी मूल्ये मजकुराच्या स्वरूपात असल्याने त्यांचे संख्येत वा दिनांकात रूपांतर करणाऱ्या आज्ञाही ती लिहिते. काही चुका त्यामुळे प्रणाली वापरात येण्यापूर्वीच, संकलनाच्या वेळी, उघड होतात.

विकास : २००० च्या सुमारास पुढे आलेल्या ‘स्ट्रट्स’ या चौकटीत प्रत्येक अर्जासाठी सामान्यतः वेगळा वर्ग लिहावा लागे. हे श्रम वाचविण्यासाठी ‘एक्सडॉकलेट’ हे साधन जावा वर्गातील टिपांवरून आवश्यक धारिका तयार करी. २००४ मध्ये जावा ५ ने अशा खुणांना भाषेतच स्थान दिले; २००६ मध्ये जावा ६ ने संकलनाच्या वेळी त्या वाचण्याची प्रमाण सोय केली. तपासणीच्या खुणांचे प्रमाणीकरण २००९ मध्ये झाले. महाराष्ट्रात, पुण्यातील टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात (स्थापना १९८१) प्रतिमानांवरून संपूर्ण व्यावसायिक प्रणाली निर्माण करण्यावर दीर्घकाळ काम झाले. ‘मास्टरक्राफ्ट’ हा साधनसंच त्यातून सिद्ध झाला.

मर्यादा : निर्माण झालेल्या धारिकेत हाताने दुरुस्ती केल्यास पुढील निर्मितीच्या वेळी ती पुसली जाते, म्हणून हस्तलिखित भाग वेगळ्या धारिकेत ठेवतात. ब्राउझरमधील तपासणी टाळता येत असल्याने सर्व्हरवरील तपासणी अनिवार्य असते, आणि वर्णनात नसलेला रकाना स्वीकारला जाणार नाही, अशी निर्मितीची रचना असावी लागते. मुख्य मर्यादा मात्र वर्णनाचीच आहे. मूळ वर्णन चुकले, तर तीच चूक सर्वत्र सारख्याच तत्परतेने उतरते. पालघरच्या उदाहरणात केवळ नवे नाव घालणे पुरेसे नाही. २०१४ पूर्वीच्या अर्जांतील ‘ठाणे’ हा जिल्हाही त्या काळापुरता बरोबरच होता, हे वर्णनात दिनांकासह नोंदवावे लागते. पद्धती लेखनाचे श्रम वाचविते. काय ग्राह्य मानावे, हा निर्णय माणसालाच करावा लागतो.