चार फळ्यांवरचे माथेरान

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती कोणी बांधली, असे आम्ही आठवीच्या वर्गात विचारले. कोणी म्हणाले इंग्रजांनी, कोणी म्हणाले सरकारने. खरे नाव आम्ही फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग क्षणभर शांत झाला. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय!

मुंबईचे प्रसिद्ध व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे हे चिरंजीव. 1904 साली काम सुरू झाले आणि 1907 साली गाडी धावली. सुमारे 16 लाख रुपयांचा खर्च वडिलांनी उचलला. दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, मार्ग सुमारे 21 किलोमीटर, आणि काही ठिकाणी चढ असा की 20 फूट पुढे गेले की एक फूट वर. "सर, ही गाडी आपण प्रदर्शनात ठेवू या का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. अल्हमदुलिल्लाह, तेथूनच कामाला सुरुवात झाली.

आधी गणित

खेळण्यातल्या गाडीचे तयार रूळ बाजारात मिळतात. त्यांतील अंतर 16.5 मिलिमीटर. माथेरानच्या रुळांतील अंतर 610 मिलिमीटर. भागाकार केला, उत्तर आले 37. म्हणजे प्रत्येक वस्तू 37 पटींनी लहान करायची. साडेपाच फुटांचा माणूस साडेचार सेंटिमीटरचा झाला आणि 21 किलोमीटरचा मार्ग 567 मीटरचा! शाळेचे मैदानही पुरले नसते. म्हणून नेरळचा फलाट, एक वळण, बोगदा आणि अमन लॉज एवढेच दाखवायचे ठरले.

प्रदर्शन दुसऱ्या गावी होते, तेव्हा सारे उचलून न्यायचे होते. आम्ही प्रत्येकी तीन फूट लांब व दोन फूट रुंद अशा चार फळ्या केल्या. वर 6 मिलिमीटरचे प्लायवूड, खाली लाकडी चौकट. दोन मुलांनी एक फळी सहज उचलावी आणि ती कोणत्याही दारातून आत जावी, हा हिशेब. चारही जोडल्या की सहा बाय चार फुटांचे टेबल तयार. त्यावर 18 इंच त्रिज्येचे वळण आरामात बसते.

चढ आम्ही आधी खऱ्यासारखाच, 20 ला एक ठेवला. इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागली. 30 ला एक केला, तेव्हा गाडी वर गेली. मग मुलांना विचारावेसे वाटले की खरे इंजिन कसे जात असेल? मूळ इंजिने जर्मनीच्या ओरेन्स्टाइन आणि कोपेल कंपनीची. त्यांच्या चाकांच्या आसांना थोडे बाजूला सरकण्याची मोकळीक होती, म्हणून तीव्र वळणांवर चाके रुळाला धरून राहत.

थर्मोकोलचे थर, त्यावर डिंकात भिजवलेली रद्दी, वर प्लास्टर आणि चाळलेली तांबडी माती. असा आमचा डोंगर उभा राहिला. लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन झाडी केली. स्थानकांची नावे मुलींनी मराठीत आणि उर्दूत लिहिली.

फलाटावर माणसे नकोत?

एका विद्यार्थिनीचे अब्बू शाळेत आले. अदबीने म्हणाले, "सर, माणसांचे पुतळे करणार असाल तर आमच्या मुलीला त्यातून वगळा." या प्रश्नावर घरोघरी वेगवेगळी मते आहेत. वाद घालण्यापेक्षा आम्ही वर्गालाच विचारले. मुलांनी तोडगा काढला. फलाटावर ट्रंका, वळकट्या, एक छत्री, चहाचा ठेला आणि हातगाडी ठेवली. पाहणाऱ्याला वाटे, प्रवासी आत्ताच गाडीत चढले असावेत. ती मुलगी शेवटपर्यंत आमच्याबरोबर होती.

पहिली वारी फसली

टेम्पोत आम्ही फळ्या एकावर एक रचल्या. चूक आमचीच, मुलांची नव्हे. पोहोचलो तर सांध्याजवळचे रूळ वाकलेले. गाडी प्रत्येक फेरीत दुसऱ्या सांध्यावर घसरे. परीक्षक पुढे निघून गेले. ज्या मुलाने रूळ बसवले होते तो दोन दिवस आमच्यासमोर आला नाही. तिसऱ्या दिवशी आम्हीच त्याच्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि म्हणालो, "बेटा, सांधे आता तूच कर."

त्याने सांध्याजवळचे वाकलेले रूळ काढले. फळ्यांच्या कडेला पितळी स्क्रू बसवले, फळ्या जोडल्या, सांध्यावरून नवे अखंड रूळ टाकून ते स्क्रूंना सोल्डर केले आणि मगच सांध्यावर करवतीने कापले. त्यामुळे रुळांची टोके हलेनाशी झाली. फळ्यांमध्ये लाकडी खुंट्या घातल्या. जागा जुळवणे हे खुंटीचे काम, धरून ठेवणे हे बोल्टचे. तेच काम बोल्टवर सोडल्यामुळे आमची पहिली जोडणी सैल राहिली होती. 12 व्होल्टच्या तारांना पिना लावल्या, म्हणजे घाईत चूक होऊ नये. नेताना दोन फळ्या समोरासमोर धरून दोन्ही टोकांना प्लायवूडच्या पट्ट्या ठोकल्या. तयार झाली बंद पेटी. आतल्या डोंगराला कशाचाच धक्का नाही.

पुढच्या प्रदर्शनात गाडी दिवसभर धावली. बक्षीस मिळाले नाही. पण एका वृद्ध गृहस्थांनी वाकून पाटी वाचली आणि विचारले, "हे पीरभॉय आपलेच का?" तोच मुलगा म्हणाला, "हो, चाचा. पण गाडी सगळ्यांची आहे."

वाचकहो, सुटीत माथेरानला गेलात तर मुलांना गाडीत बसवण्याआधी ते नाव जरूर सांगा. आणि घरी परतल्यावर त्यांच्या हाती एक फळी व थोडे रूळ द्या. पहिली गाडी घसरेल. रागावू नका. सांधा पुन्हा जुळवायला त्यांच्या शेजारी बसा.